सांजोवेझेची ओळख : मित्रांनी मिळून नवे वाइनद्राक्ष चाखण्याची रीत

अथणी, मिरज, तासगाव हा कृष्णाकाठचा पट्टा आणि त्याला लागून असलेला तिकोट्याकडचा भाग द्राक्षावर जगतो. इथल्या माणसाला थॉमसन, तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका, शरद ही नावे सांगावी लागत नाहीत. मण्याची लांबी, सालीचा कुरकुरीतपणा आणि बेदाण्याचा रंग पाहून तो वाण ओळखतो. तोच माणूस वाइनच्या दुकानात उभा राहिला की मात्र त्याची चौकशी ‘रेड आहे का’ या प्रश्नापाशी थांबते. वाण ओळखण्याची सवय अंगात असलेल्या आपल्यासारख्यांनी वाइनच्या बाबतीत ती सोडून द्यावी, याचे मला वाईट वाटते. म्हणून हा लेख एकाच लाल वाणाविषयी आहे, आणि त्या वाणाशी पाच-सहा मित्रांनी एका संध्याकाळी नीट ओळख कशी करून घ्यावी, याविषयी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. एक बाटली उघडून प्यायली तर ती बाटली कळते, द्राक्ष कळत नाही. त्या बाटलीत वाणाचा स्वभाव असतो, तसाच जमिनीचा, त्या वर्षीच्या हवामानाचा, ओकच्या पिंपाचा आणि वाइन करणाऱ्याच्या हाताचाही वाटा असतो. राग एकाच गायकाकडून ऐकला तर रागाचे काय आणि गायकाचे काय हे वेगळे करता येत नाही. दुसऱ्या गळ्यातून तोच राग ऐकला की दोन्हींत समान असलेले आपोआप कानाला पडते. वाइनचेही तसेच असल्यामुळे, खालच्या सगळ्या तयारीचा पाया हा आहे की एकाच द्राक्षाच्या, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन बाटल्या घ्याव्यात आणि त्यांच्या शेजारी तुमच्या ओळखीची तिसरी ठेवावी.

वाण कोणता आणि का

मी सांजोवेझे सुचवतो. इटलीच्या तोस्काना प्रांताचे हे मुख्य लाल द्राक्ष. कियांती नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये ते किमान ७० टक्के असावे लागते, कियांती क्लासिको या जुन्या गाभ्याच्या प्रदेशातल्या वाइनमध्ये किमान ८० टक्के, आणि ब्रुनेल्लो दी मोंतालचीनो ही वाइन तर पूर्णपणे याच एका द्राक्षाची करावी लागते. हा वाण उशिरा पिकतो, आम्लता टिकवून धरतो, तुरटपणा आणणारे टॅनिन भरपूर देतो आणि तरीही त्याचा रंग फार गडद होत नाही. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही ठळक, पण रंग पारदर्शक, हा मेळ शिकणाऱ्याला लवकर पकडता येतो.

दुसरे कारण आपल्या भूगोलात आहे. आपल्या बेळगावच्या उत्तरेला, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला, फ्रातेली या कंपनीने इटालियन भागीदारांच्या साह्याने सांजोवेझेची लागवड केली. पूर्वेला, आपल्याच कर्नाटक राज्यात, हंपी हिल्स भागात क्रिस्मा एस्टेट्स हेच द्राक्ष लावते. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना हे द्राक्ष पिकते आणि आपण मधोमध बसलो आहोत. अशी सोय इटलीहून इतक्या लांब राहणाऱ्या फार थोड्या लोकांना असेल.

खाण्याच्या द्राक्षात आणि वाइनच्या द्राक्षात फरक काय, हे गटातल्या सर्वांना आधी सांगावे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान असतो, त्यात बिया असतात आणि रसाच्या मानाने साल-बियांचे प्रमाण जास्त असते. मणी फुगवण्यासाठी आपल्याकडे जीए (जिब्रेलिक ॲसिड) या संजीवकात घड बुडवतात, तसे इथे करत नाहीत, कारण इथे फुगीर मणी नकोच असतो. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत, म्हणजे रसाच्या वजनाच्या सुमारे तितक्या टक्क्यांपर्यंत, चढू देतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग आणि बराचसा तुरटपणा, रस सालींसह आंबत असताना सालीतून उतरतो. एवढे कळले की पेल्यात पुढे जे दिसणार आहे त्याचे मूळ कुठे आहे, हे डोळ्यांसमोर राहते.

माणसे, वेळ आणि प्रमाण

सहा जण ही सर्वांत सोयीची संख्या आहे. त्याहून जास्त जमले की दोन बैठका तयार होतात आणि चाखण्याकडे लक्ष राहत नाही. सर्व जण एकवीस वर्षांवरचे असावेत. गरोदर स्त्रिया आणि मद्य वर्ज्य असणारी औषधे चालू असलेली माणसे यांना आग्रह करू नये. वाइन न पिणारा एखादा मित्र मात्र अवश्य बोलवावा, कारण बाटल्या गुंडाळण्याचे काम त्याच्याइतके निःपक्षपातीपणे कोणी करणार नाही.

प्रमाणाचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. बाटली ७५० मिलिलीटरची असते. पहिल्या फेरीत प्रत्येकी तीन वाइन, प्रत्येकी ५० मिलिलीटर, म्हणजे एका बाटलीतून ३०० मिलिलीटर जातात. दुसऱ्या फेरीत, जिचे वर्णन पुढे येईल, प्रत्येकाला २५ मिलिलीटरचे तीन छोटे घोट मिळतात. दोन्ही मिळून एका माणसाच्या वाट्याला २२५ मिलिलीटर वाइन येते. ती साडेतेरा टक्क्यांची असेल तर त्यात सुमारे ३० मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल असते. हे प्रमाण मजेचे आहे, पण गाडी चालवण्याजोगे नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे. शहापूरहून टिळकवाडीला जायचे असले तरी रिक्षा किंवा न पिणारा चालक आधी ठरवावा. प्रत्येकासमोर एक रिकामा स्टीलचा पेला ठेवावा, म्हणजे ज्याला घोट तोंडात घोळवून टाकून द्यायचा असेल त्याला संकोच वाटणार नाही. या धंद्यातली जाणकार मंडळी असेच करतात.

महिना निवडता आला तर मे निवडावा. उन्हाळा असतो, त्याचा त्रास होतो, परंतु खानापूरच्या जंगलातली करवंदे त्याच दिवसांत बाजारात येतात आणि ती का हवीत ते लवकरच सांगतो.

बाटल्या विकत घेताना

तीन बाटल्या घ्यायच्या : एक अकलूजची किंवा हंपी हिल्सची सांजोवेझे, दुसरी त्याहून वेगळ्या ठिकाणची सांजोवेझे, आणि तिसरी तुमच्या गटाने नेहमी प्यायलेली, बहुधा नाशिककडची शिराझ. दुसरी बाटली देशातली मिळाली नाही तर साधी कियांती चालेल. आयात शुल्कामुळे ती महाग पडते, म्हणून खर्च सहा जणांत वाटून घ्यावा. दुकानात ठेवलेली नसेल तर दुकानदाराला आधी सांगून मागवावी, आणि नाव तोंडी सांगण्यापेक्षा लेबलचा फोटो दाखवावा, म्हणजे घोटाळा होत नाही.

लेबल वाचताना दोन ठिकाणी लोक चुकतात. भारतीय बाटलीवर द्राक्षाचे नाव लिहिलेले असते, मात्र ते एकटे आहे की जोडीने आहे हे पाहावे लागते. फ्रातेलीची ‘सेत्ते’ ही प्रसिद्ध वाइन सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण आहे. ती सुरेख असली तरी वाण ओळखण्याच्या संध्याकाळी ती घेऊ नये, कारण कॅबर्नेची काळसर छाया सांजोवेझेचे बारकावे झाकते. इटालियन बाटलीवर उलट असते : तिथे गावाचे नाव असते आणि द्राक्षाचे बहुधा नसते. कियांती क्लासिकोच्या मानेवर काळ्या कोंबड्याचे चिन्ह असते, त्यावरून ती पटकन सापडते. ‘मोंतेपुल्चानो’ हे नाव दिसले तर सावध राहावे. त्या नावाचे एक गाव आहे, जिथली ‘वीनो नोबिले’ प्रामुख्याने सांजोवेझेचीच असते, आणि त्याच नावाचे एक पूर्ण वेगळे द्राक्षही आहे, ज्याची अब्रुत्सो प्रांतातली वाइन दुकानांत सर्रास मिळते.

बाटलीवर छापलेल्या तोडणीच्या वर्षाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, आणि वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. तोस्कानात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यामुळे एकच साल छापलेल्या दोन बाटल्यांत प्रत्यक्षात सात-आठ महिन्यांचे अंतर असते. दोन-तीन वर्षांच्या आतल्या बाटल्या घेतल्या तर तुलना सरळ होते.

उन्हाने मारलेली बाटली हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. दुकानाच्या दर्शनी काचेत उभी असलेली, पिवळ्या दिव्याखाली तापलेली बाटली घेऊ नये, खोक्यातली मागावी. बूच काठापेक्षा वर आलेले असेल किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ असेल तर ती उष्णतेने फुगून गळलेली आहे, असे समजून परत करावी. बऱ्याच भारतीय वाइनना फिरकीचे झाकण असते आणि रोजच्या वाइनसाठी ते उत्तम आहे. बूच म्हणजे दर्जा, असा समज मनातून काढून टाकावा. आणखी एक गोष्ट : चोर्ला घाटाने गोव्याहून येताना स्वस्त बाटल्या घेऊन येण्याचा मोह अनेकांना होतो, तसाच चंदगड किंवा कोल्हापूरकडून येतानाही होतो. राज्याची सीमा ओलांडून मद्य आणण्यावर अबकारी खात्याचे निर्बंध आहेत. परवान्याशिवाय आणू नये, इथल्या परवानाधारक दुकानातूनच घ्यावे.

वासांचे ताट

या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग मला हा वाटतो, आणि नेमका तोच लोक टाळतात. सांजोवेझेविषयी कुठेही वाचले तरी पहिला शब्द येतो ‘आंबट चेरी’. आपल्याकडे किती जणांनी ताजी आंबट चेरी खाल्ली आहे? बेकरीतल्या केकवर जी लाल चेरी असते ती बहुतेकदा पाकवलेले, रंगवलेले करवंदच असते. मग चेरीच्या मागे धावण्यापेक्षा सरळ करवंदालाच हाताशी धरावे. पिकलेले करवंद बोटांत दाबले की आधी गडद गोडसर वास येतो, मागून चिकाचा हिरवट तुरटपणा येतो आणि जिभेवर ठेवल्यावर कडांना आंबट झटका बसतो. सांजोवेझेचे फळ या वळणाच्या फार जवळ जाते.

एका मोठ्या ताटात आठ-दहा वाट्या मांडाव्यात. एका वाटीत कुस्करलेली करवंदे, मिळाली तर दुसरीत जांभळे. करवंदांचा हंगाम नसेल तर आमसूल कोमट पाण्यात भिजवून ठेवावे, त्याचा लाल आंबटपणा बऱ्यापैकी काम देतो. एका वाटीत कोरा चहा, गार केलेला. एका वाटीत टोमॅटोच्या रोपाची ताजी पाने. ती चुरगळल्यावर येणारा उग्र हिरवा वास थंड ठिकाणच्या सांजोवेझेत हटकून सापडतो. तमालपत्र आणि दोन लवंगा, कारण पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये मसाल्याची छटा येते. थोडी भिजवलेली लाल माती. निपाणीच्या बाजूचा मित्र असेल तर त्याच्याकडून वाळलेल्या तंबाखूचे एक पान मागून घ्यावे. ते फक्त हुंगण्यासाठी आहे. आणि शेवटी कातडे. सांजोवेझेला वय झाले की त्यात कमावलेल्या चामड्याचा वास उतरतो, असे म्हणतात तेव्हा नेमके काय म्हणायचे आहे, हे अथणीच्या चप्पल करणाऱ्या कारागिराकडून आणलेला नव्या कातड्याचा एक तुकडा हुंगल्यावर क्षणात समजते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे; हा वास आपल्या घरचाच आहे.

वाइन ओतण्यापूर्वी प्रत्येकाने डोळे मिटून हे ताट एकदा फिरवून हुंगावे. वासाला नाव देणे ही स्मरणाची गोष्ट आहे. नाव आधी ताजे केले नाही तर पेल्यातला वास ओळखीचा वाटतो, पण ओठांवर येत नाही. हुंगून झाले की ताट दुसऱ्या खोलीत न्यावे, नाहीतर तंबाखू आणि लवंग सगळ्या पेल्यांत शिरतात.

खोली, पेले आणि तापमान

त्या दिवशी उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर यांना सुट्टी द्यावी आणि स्वयंपाकघरातली फोडणी दोन तास आधी उरकावी. लसणाच्या फोडणीच्या वासात बारीक वाइन मुळीच कळत नाही. पेले पातळ काचेचे, तोंडाशी किंचित निमुळते आणि सगळे एकाच आकाराचे असावेत. आकार बदलला की वास बदलतो आणि तुलना बिघडते. चाखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पेल्याची क्षमता २१५ मिलिलीटर असते आणि त्यात ५० मिलिलीटरच ओततात, उरलेली जागा वासासाठी सोडतात. पेले लिंबाच्या वासाच्या साबणाने धुतले असतील तर नुसत्या गरम पाण्याने पुन्हा विसळावेत आणि धुतलेल्या सुती कापडावर पालथे घालावेत. कपाटातून काढलेल्या पेल्यात डांबराच्या गोळ्यांचा वास भरलेला असतो, हेही तपासावे.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असले तरी मे महिन्यातल्या संध्याकाळी घरात २७-२८ अंश असतातच. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढते आणि सांजोवेझेचा नेमका आंबटपणा सैल पडतो. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून काढली की १६ ते १८ अंशांच्या आसपास येते. पेल्यात ती आपोआप थोडी गरम होणारच आहे, म्हणून किंचित थंड असलेली बरी. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर अर्धा तास बाहेर ठेवावी, कारण फार थंड वाइनमध्ये तुरटपणा बोचरा होतो आणि फळ गप्प बसते.

गुंडाळणे, ओतणे आणि गप्प राहणे

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मानेपर्यंत रबर लावून, त्यांना क, ख, ग अशी नावे द्यावीत. मानेवरचे वेष्टन पूर्ण काढावे, नाहीतर त्या काळ्या कोंबड्यावरूनच उत्तर फुटते. गुंडाळणारा आणि ओतणारा वेगळे असावेत, म्हणजे ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. ओतण्यापूर्वी प्रत्येक बाटलीतला एक घोट तपासावा : पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे, आणि ती वाइन कितीही वेळ ठेवली तरी सुधारत नाही. काडी ओढल्यासारखा वास मात्र पेला फिरवल्यावर जातो, त्याची काळजी करू नये.

यानंतर दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही, हा या संध्याकाळचा एकमेव कडक नियम आहे. गटातला जाणता माणूस ‘यात मला जांभूळ लागले’ असे म्हणाला की उरलेल्या पाच जणांना जांभूळ लागतेच. प्रत्येकाने आपापल्या कागदावर आधी लिहावे, मग बोलावे. कागदावर आंबटपणा, तुरटपणा, दाटपणा आणि मागे रेंगाळणारी चव या चार गोष्टींना एक ते पाच अंक द्यावेत आणि खाली आपल्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात. शब्द आपल्या बोलीतले असावेत. चिंच, कोकम, ओला पाचोळा, भट्टी हे सगळे चालते.

पाहणे, हुंगणे, चाखणे

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावा आणि काठाकडे बघावे. दिवसाच्या किंवा पांढऱ्या दिव्याच्या उजेडातच रंग कळतो. शिराझ बहुधा जांभळट आणि इतकी गडद असते की खालची अक्षरे दिसत नाहीत. सांजोवेझेतून बऱ्याचदा अक्षरे वाचता येतात, रंग माणकासारखा लाल असतो आणि दोन-तीन वर्षांतच काठावर विटकरी छटा येऊ लागते. रंग फिका आहे म्हणून वाइन हलकी असेल, हा अंदाज इथे फसतो आणि तो फसलेला अनुभवणे हा सांजोवेझे शिकण्याचा मोठा भाग आहे.

हुंगताना आधी पेला स्थिर ठेवून एकदा, मग फिरवून दुसऱ्यांदा हुंगावे. पहिल्या वेळी फळ येते, दुसऱ्या वेळी माती, चहा, तमालपत्र, पिंपाची व्हॅनिला असे बाकीचे येते. अकलूजसारख्या उष्ण ठिकाणच्या वाइनमध्ये फळ अधिक पिकलेले, कधी मुरंब्याकडे झुकलेले वाटण्याची शक्यता असते. तोस्कानाच्या वाइनमध्ये तेच फळ अधिक कच्चे, आंबट आणि सोबत पाल्याचा वास असू शकतो. दोन वाइनमध्ये जे वेगळे आहे ते ठिकाणाचे आणि हाताचे समजावे. जे दोन्हींत आहे पण शिराझमध्ये नाही, त्याखाली रेघ मारावी. तेच द्राक्ष.

घोट तोंडात घेतल्यावर लगेच गिळू नये. आंबटपणा जिभेच्या कडांना आणि जबड्याच्या मागे जाणवतो. घोट गेल्यावर तोंडाला किती पाणी सुटते, यावरून तो मोजावा. तुरटपणा याच्या उलट असतो. तो चव नसून स्पर्श आहे : लाळेतली प्रथिने टॅनिनला चिकटतात, तोंडातला ओलावा ओढला जातो आणि हिरड्या व गालाची आतली बाजू खरखरीत होते. नवशिक्यांची या दोहोंत नेहमी गफलत होते, म्हणून शंका आल्यास वाटीतल्या कोऱ्या चहाचा एक घोट आणि आमसुलाच्या पाण्याचा एक घोट घेऊन फरक पुन्हा पक्का करावा. सांजोवेझेत दोन्ही एकदम येतात; आधी तोंडाला पाणी सुटते, लगोलग तोंड कोरडे होते, आणि जेवणाची आठवण होते.

आमच्या बैठकीत अथणीकडचे बेदाणा करणारे एक स्नेही असतात. त्यांनी घोट तोंडात बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, “अहो, हा तुरटपणा सालीचा आहे. बियांचा असता तर कडू लागला असता. बी चावून बघा म्हणजे कळेल.” बियांतले टॅनिन खरोखरच अधिक कडवट आणि रांगडे असते, आणि म्हणूनच वाइन करणारे बी नीट पिकून तपकिरी झाल्याशिवाय तोडणी करायला कचरतात. ज्याने आयुष्यभर घड हाताळले, त्याला हे शिकवावे लागले नाही. अशा माणसाला बैठकीत बसवा आणि त्याला बोलू द्या.

उघड करण्याआधी एक कसोटी

दहा मिनिटांनी कागद मोठ्याने वाचावेत, सर्वांत कमी अनुभवी माणसापासून सुरुवात करून. मग प्रत्येकाने सांगावे, तीनपैकी एकाच द्राक्षाच्या दोन कोणत्या. बहुतेक जणांची उत्तरे जुळली तरी घाईने बाटल्यांवरचा कागद फाडू नये. न पिणाऱ्या मित्राने आता प्रत्येकासमोर तीन छोटे पेले ठेवावेत, ज्यांत दोन पेल्यांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी असेल. तीन जणांना सांजोवेझेचे दोन आणि शिराझचा एक, उरलेल्या तिघांना उलट. शक्य असेल तर डोळे मिटून, म्हणजे रंगाचा आधार राहत नाही. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनातून एक बरोबर येतोच, म्हणून सहापैकी दोघा-तिघांचे बरोबर आले तर त्याचा अर्थ काही नाही. पाच किंवा सहा जणांनी ओळखले तर गटाला फरक खरोखर कळू लागला आहे, असे म्हणता येते. वाइन उद्योगात आणि खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत हीच कसोटी वापरतात. पुढच्या वेळी दोन्ही सांजोवेझे एकमेकींसमोर ठेवून हीच कसोटी घ्यावी. ती बरीच अवघड जाते.

त्यानंतर बाटल्यांवरचे कागद काढावेत, लेबले वाचावीत आणि आपल्या कागदांवर बाटल्यांची नावे लिहावीत. अंक मागाहून बदलू नयेत.

जेवण

चाखताना फक्त पाणी आणि ज्वारीची भाकरी असावी. भाकरीला स्वतःची चव मवाळ असते आणि ती तोंड स्वच्छ करते. खरे जेवण लेबले उघडल्यावर. सांजोवेझे आंबट असल्यामुळे आंबट पदार्थांशी भांडत नाही : टोमॅटो घातलेली रस्साभाजी, भरली वांगी, शेंगदाण्याचे कूट घातलेली कोणतीही भाजी तिच्यासोबत छान जाते. मीठ आणि चरबी टॅनिनला मऊ करतात, त्यामुळे चरबीचे सुके मटण आणि ही वाइन यांची जोडी मला सर्वांत आवडते. तिखट मात्र हात राखून असावे. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. झणझणीत तांबडा रस्सा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. कुंदा किंवा गोकाकचे करदंट वाइन पूर्ण संपल्यावरच वाढावे, कारण गोडानंतर कोणतीही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट आणि कडू लागते, आणि तिच्याविषयी चुकीचे मत होते.

उरलेली वाइन

वरच्या हिशेबाने प्रत्येक बाटलीत थोडी वाइन उरली पाहिजे, आणि ती उरवावीच. लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. दुसऱ्या संध्याकाळी यजमानाने तीच वाइन पुन्हा चाखून कालच्या कागदावर वेगळ्या शाईने लिहावे. हवा लागल्यावर सांजोवेझेचा तुरटपणा अनेकदा बसतो आणि मागचे माती-चहाचे वास पुढे येतात. काल ज्याला ती कठोर वाटली होती, त्याला हा बदल फोन करून सांगावा. तिसऱ्या दिवशीही संपली नाही तर मटणात घालावी. कागद एका वहीत लावून ठेवावेत, म्हणजे पुढच्या बैठकीला टेंप्रानियो किंवा माल्बेक घ्यायचे ठरले की, ज्यांची लागवड नाशिक भागात झालेली आहे, तिसरी ओळखीची बाटली म्हणून शिराझऐवजी सांजोवेझे मांडता येईल.